प्लायवूडमधली खाच : राउटर की टेबल सॉ?

परभणी, सेलू, गंगाखेड भागातल्या सुतारांना खाच शिकवायला आम्ही आलेलो नाही. दार नीट टेकावं म्हणून चौकटीच्या कडेला जी पायरी काढतात तीच ही खाच. कुणी तिला रिबेट म्हणतं. तिफण, बैलगाडी, चौकट यांच्यावर ज्यांचा हात बसला त्यांना पायरी कशी काढायची हे ठाऊकच आहे. पण आता काम येतं ते कपाटाचं, आणि माल असतो प्लायवूड. तिथे जुनी सवय दगा देते.

सागाच्या किंवा बाभळीच्या लाकडाच्या रेषा एका दिशेने जातात. त्या धरून रंधा चालवला की पायरी सरळ निघते. प्लायवूड म्हणजे पातळ पापुद्रे, एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले. कसंही कापा, निम्मे थर आडवे सापडणारच. वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ असतो. आडवा कापला की त्याच्या ढलप्या उडतात. म्हणून यंत्र लावण्याआधी आखणीच्या रेषेवर धारदार सुरीने एक चीर द्यायची. मधला डिंकही कडक असतो, साध्या पोलादाची धार लवकर जाते. बिट कार्बाइडचंच घ्यावं.

आता मापाचं. आपल्याकडे 18 मिलिमीटरच्या शीटला सर्रास ‘सहा सूत’ म्हणतात. पण एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सहा सूत झाले 19 मिलिमीटर. आम्ही आमच्या पहिल्या पुस्तकांच्या कपाटात सहा सुतांची खाच काढली. वरची फळी बसली, पण बाजूच्या फळीची कड एक मिलिमीटर वर उरली. ती घासून सपाट करायला गेलो, तर वरच्या फळीचा पापुद्राच निघून गेला. तेव्हापासून टेप नाही, आकडा नाही. जी फळी बसवायची तिचाच तुकडा उभा धरून रेष मारतो. खाचेची रुंदी त्या तुकड्याएवढी, खोली फळीच्या जाडीच्या निम्मी, म्हणजे 18 ला 9. त्याहून खोल गेलात तर उरलेली जीभ कमजोर होते.

राउटर हातात घेतला तर 9 मिलिमीटर एका दमात काढू नका, तीन-तीनच्या तीन फेऱ्या करा. फळीची कड आपल्या बाजूला असेल तर राउटर डावीकडून उजवीकडे न्यायचा. उलटा नेला की बिट लाकडावर चढतं आणि यंत्र हातातून पळतं. फळीच्या शेवटच्या टोकाला भंगार तुकडा क्लॅम्पने आवळला तर कोपरा फुटत नाही.

टेबल सॉवर दोन काप लागतात : फळी आडवी ठेवून पहिला, मग फेन्सला टेकवून उभी धरून दुसरा. दुसऱ्या कापात सुटणारी पट्टी फेन्सच्या बाजूला राहता कामा नये. ती पातं आणि फेन्स यांच्यामध्ये अडकली तर बाणासारखी मागे, म्हणजे आपल्याच अंगावर येते. आणि खरं सांगायचं तर छोट्या वर्कशॉपमध्ये दिसतो तो टेबल सॉ नसतोच. लाकडी टेबलाखाली उलटं बसवलेलं सर्क्युलर असतं, ना गार्ड, ना पात्यामागची फट उघडी ठेवणारी पट्टी. त्यावर सात फुटी फळी उभी धरून खाच काढणं म्हणजे बोटांशी खेळ. अशा ठिकाणी आम्ही राउटरच सांगू, वेळ जास्त गेला तरी.

राउटरचीही एक गोष्ट मात्र आपल्या भागात पक्की लक्षात ठेवावी लागते. लाइट गेली, राउटर बंद पडला, तो तसाच टेबलावर ठेवून आपण चहाला गेलो. बटण चालूच. लाइट आली की साधा राउटर आपोआप फिरायला लागतो, आणि टेबलावर काय आहे, कुणाचा हात आहे, हे तो बघत नाही. लाइट जाताच आधी बटण, मग प्लग.

जोडताना खाचेच्या दोन्ही अंगांना फेव्हिकॉल लावा, कारण आडवे थर डिंक पिऊन टाकतात. आधी पातळ हात, पाच मिनिटांनी दुसरा. पाठीमागे 6 मिलिमीटरचं प्लायही खाचेतच बसवा, कपाट तिरकं होत नाही. क्लॅम्प आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजा. फरक दिसला तर लांब कर्णावर क्लॅम्प लावून ओढून घ्या, डिंक ओला आहे तोवरच.