मापाची वही

पहाटे 5.00
शिंपीमास्तर कणीक मळतायत. पोळ्यांची नाही, माशांची. त्यात शेंगदाण्याच्या पेंडीचा भुगा आणि ठेचलेला लसूण. पेंड 30 रुपयांची, तंगूसचं रीळ 60 चं. एका पँटची शिलाई 400. रविवारी दुकान बंद, म्हणजे तेवढे गेलेच. पिशवीत गळ, ताणकाटा, मापाची वही आणि टेप. टेपची एक बाजू इंचांची, ती गिऱ्हाइकांची. दुसरी सेंटिमीटरची, ती माशांची.

6.10
नांदेडहून मास्तर आणि मी स्कूटरवर विष्णुपुरीला. पेट्रोल 50 चं. धरणाने अडवलेली गोदावरी समोर पसरलीय. शहराला प्यायचं पाणी इथूनच जातं. बसायची परवानगी आधीच विचारलेली आहे. मास्तर वही उघडतात : ‘6.10. गळ दोन. वारा नाही.’ मासा लागायच्या आत नोंद सुरू.

7.40
मोरपिसाची काडी बुडते. मास्तर हिसका देत नाहीत. तंगूस सोडतात, ओढतात, पुन्हा सोडतात. रोहू. ओल्या हातांनी ओल्या गोणपाटावर ठेवतात. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत 41 सेंटिमीटर. ताणकाट्यावर 900 ग्रॅम.

प्राणिशास्त्र शिकणारी एक मुलगी दर रविवारी येते. चिमट्याने तीन खवले काढते, कागदी पाकिटात घालते. प्लास्टिकमध्ये ते कुजतात. खवल्यावर वलयं असतात. वाढ मंदावली की ती दाट होतात, त्यावरून वय काढायचं. वहीचं म्हणाल तर, आयर्लंडमध्ये सॅमन धरणाऱ्या हौशी गळवाल्यांना 2001 पासून नोंदवही ठेवावीच लागते; ठेवून घेतलेल्या माशाला क्रमांकाचा बिल्ला लावावा लागतो. मास्तरांना कुणाची सक्ती नाही.

10.30
चहा. दहा रुपये कप. पैसे मास्तर देतात.

“काका, कावेरीवर गलिबोरला गळवाल्यांनी असंच लिहून ठेवलं होतं. किती तास बसलो, किती महसीर लागले. 1998 ते 2012 पर्यंतच्या नोंदी आहेत.”

“मग? काय निघालं त्यातून?”

“मूळचा कुबडवाला महसीर घटत होता. निळ्या परांचा वाढत होता.”

निळ्या परांचा आपल्याच मुलखातला. 1839 मध्ये कर्नल साईक्सने मुळा-मुठेतल्या माशावरून त्याचं वर्णन केलं, नाव दिलं खुद्री. पुढे लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली त्याची पिल्लं कावेरीत सोडली गेली. कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये पक्की झाली. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला.

मास्तर कप खाली ठेवतात. “चांगल्यासाठीच सोडली असतील की, पोरी.”

“हो काका.”

12.15
ऊन चढलं. चिलापी लागते, तळहाताएवढी. 1952 मध्ये भारतात आणलेला हा परदेशी मासा. काठावरचे बरेच जण तो मोजतच नाहीत. मास्तर टेप लावतात. 14 सेंटिमीटर.

“एवढासा पण लिहायचा?” मी विचारतो.

“नुसती छाती मोजून सदरा शिवता येतो का?”

2.00
भाकरी, ठेचा, कांदा. गळाला काही नाही. शेजारचा एकजण गेल्या वर्षीच्या चार किलोच्या कटल्याची गोष्ट सांगतो. मास्तर विचारतात, “किती वाजता लागला? त्या दिवशी किती वेळ बसला होतास?” त्याला आठवत नाही.

3.10
गळ बाहेर. ‘तास 9. गळ 2. रोहू 1. चिलापी 1.’ मी मागचं पान उलटतो. ‘तास 8. गळ 2. मासे 0.’ तेवढ्याच ठळक अक्षरात.

मुलगी वहीच्या पानांचे फोटो घेते. शून्याच्या पानाचा आधी. म्हणते, “काका, लोक मासा लागला तरच सांगतात. रिकामे दिवस गळले की नदी भरलेलीच दिसते.”

रात्री 8.00
घरी रोहूचं कालवण झालं. दुकानाचं शटर अर्धं वर. शाळेचे गणवेश उद्या द्यायचेत. मास्तरांनी टेप साबणाने धुतलाय, तरी 41 च्या आकड्याजवळ एक खवला चिकटून राहिलाय. नखाने काढतात, मापाच्या वहीत पानांमध्ये ठेवतात. टेप उलटा करून इंचांची बाजू वर घेतात, आणि खडू उचलतात.