हँग होणाऱ्या जुन्या डेस्कटॉपचा दोष कसा शोधावा

जुना डेस्कटॉप वारंवार हँग होऊ लागला की पहिला उपाय बहुधा ठरलेला असतो, तो म्हणजे फॉरमॅट मारणे. विंडोज नव्याने टाकली जाते, चार दिवस मशीन बरे चालते आणि पुन्हा पडद्यावरचे चित्र जागच्या जागी थिजते. आठ-दहा वर्षे वापरात असलेल्या मशीनला हा उपाय कधी कधी घातकच ठरतो. दोष हार्ड डिस्कचा असेल, तर आधीच खराब होत चाललेल्या डिस्कवर हजारो फायली नव्याने लिहिल्या जातात आणि आधीचा डेटा हातचा जातो. म्हणून तपासणीला हात घालण्याआधी कामाच्या सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवावी. एवढे झाले की दोष शोधायला पुरेसा वेळ मिळतो, आणि या कामात घाईइतके नुकसान दुसरे काहीच करत नाही.

हँग होणे वरून सारखेच दिसले तरी त्याचे प्रकार वेगवेगळे असतात. मशीन अडकले की बंद करण्याआधी कीबोर्डवरचे नम लॉक दाबून पाहावे. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा चालू आहे. सिस्टिम कशासाठी तरी खोळंबली आहे, आणि बहुतेक वेळा ती हार्ड डिस्कसाठी खोळंबलेली असते. अशा वेळी माऊसचा बाण फिरतो, पण काहीच उघडत नाही आणि कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो. दिवा बदलतो, पण चित्र गोठलेले किंवा रेघारेघांचे दिसते, तेव्हा ग्राफिक्सकडे पाहावे. नम लॉकचा दिवा अजिबात हलत नाही, बाण थिजलेला आहे आणि चालू असलेला आवाज एकाच ठिकाणी अडकून घरघरतो आहे, असे असेल तर रॅम, वीजपुरवठा किंवा मदरबोर्ड यांपैकी काहीतरी बिघडले आहे.

वेळेची नोंदही तितकीच बोलकी असते. सकाळी थंड मशीन दोन-तीनदा अडकते आणि एकदा गरम झाले की दिवसभर नीट चालते, हे कपॅसिटर थकल्याचे लक्षण आहे. उलट, जड काम सुरू केल्यावर अर्ध्या तासाने अडकत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. वहीत तारीख, वेळ आणि त्या क्षणी चालू असलेले काम टिपत गेले, की आठवड्याभरात काही तरी सूत्र दिसू लागते.

विंडोजही स्वतःची नोंदवही ठेवते. स्टार्ट मेन्यूत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधून उघडले आणि त्यातला ‘सिस्टिम’ हा विभाग पाहिला, की लाल खुणांच्या नोंदी दिसतात. त्यांतली ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद अनेकांची दिशाभूल करते. नावात पॉवर असल्यामुळे लगेच एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलला जातो. खरे तर मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झाले नव्हते, एवढेच ती नोंद सांगते. बटण दाबून धरून मशीन बंद केले तरी ती उमटते. महत्त्व तिच्या आधीच्या नोंदींना आहे. ‘डिस्क’ या नावाखालची ७ क्रमांकाची नोंद खराब ब्लॉक सांगते. १२९ क्रमांकाची नोंद सांगते, की डिस्कने उत्तर न दिल्यामुळे तिला पुन्हा जागे करावे लागले. ‘व्हिआ-लॉगर’ या नावाची नोंद असेल, तर हार्डवेअरची चूक खुद्द प्रोसेसरने कळवलेली असते.

जुन्या मशीनमध्ये सर्वांत आधी हार्ड डिस्क तपासावी. डिस्कची तबकडी सेक्टर नावाच्या लहान कप्प्यांत विभागलेली असते. एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर घरगुती वापराची डिस्क हार न मानता तो पुन्हा पुन्हा वाचत राहते. त्यात कित्येक सेकंद जातात, आणि तेवढा वेळ त्या फाइलची वाट पाहणारे सगळे प्रोग्रॅम थांबून राहतात. वापरणाऱ्याला मशीन हँग झाल्यासारखे वाटते ते त्यामुळे. डिस्क आपल्या प्रकृतीचा हिशेब ‘स्मार्ट’ नावाच्या व्यवस्थेत ठेवते आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारखा मोफत प्रोग्रॅम तो वाचून दाखवतो. तिथे पाहायच्या ओळी मोजक्या आहेत. ०५ क्रमांकाची ओळ बाद करून राखीव जागेत हलवलेले सेक्टर मोजते, सी५ ही ओळ वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर दाखवते, आणि सी६ मध्ये दुरुस्त न झालेले सेक्टर येतात. हा प्रोग्रॅम शेवटच्या रकान्यातले आकडे मूळ मांडणीत दहाऐवजी सोळा आधार धरलेल्या पद्धतीत दाखवतो. त्यामुळे तिथे १० दिसले तर त्याचा अर्थ सोळा. सी५ शून्याहून जास्त आणि वाढते असेल, तर फार विचार न करता डिस्क बदलावी.

सी७ ही ओळ मात्र वेगळी आहे. ती डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजते, आणि त्या चुका बहुधा साटा केबलच्या असतात. चांगल्या डिस्क केवळ केबल सैल झाली म्हणून भंगारात गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. केबल बदलल्यावर हा आकडा खाली येत नाही, तो वाढायचा थांबतो. म्हणून आधी आकडा टिपून ठेवावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावा.

डिस्क निर्दोष निघाली तर रॅमकडे वळावे. मशीन बंद करून वायर भिंतीच्या प्लगमधून काढावी, अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा आणि मग रॅमच्या पट्ट्या बाहेर काढाव्यात. मुंबई, कोकण, गोवा या किनारपट्टीच्या दमट, खाऱ्या हवेत पट्टीच्या आणि स्लॉटच्या संपर्कबिंदूंवर धूळ आणि मळाचा थर साचतो. पट्टीच्या सोनेरी कडेवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवणे हा दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय खरोखर उपयोगी पडतो. मात्र सोन्याचा मुलामा फार पातळ असतो, त्यामुळे जोर लावू नये, पॉलिश पेपर तर वापरूच नये, आणि रबराचा कीस स्लॉटमध्ये जाऊ देऊ नये.

नुसत्या साफसफाईवर विसंबून राहू नये. मेमटेस्ट८६ हा प्रोग्रॅम ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४ मध्ये लिहिला. त्याच्या आजच्या आवृत्त्या पेनड्राइव्हवरून विंडोजशिवाय चालतात आणि रॅमच्या प्रत्येक जागेत ठराविक आकडे लिहून ते परत वाचून पाहतात. ही चाचणी रात्रभर चालू द्यावी. सकाळी एक जरी चूक दिसली तरी रॅम नापास. मग पट्ट्या एकेक करून वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहाव्यात. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, स्लॉटलाच चिकटून राहिली तर मदरबोर्ड खराब.

उष्णतेवर वाजवीपेक्षा जास्त आरोप होतात. गेल्या दशकातल्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. ती गाठली की प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागले नाही तर मशीन बंद पडते. म्हणजे तापलेले मशीन बहुधा मंदावते किंवा विझते, अडकणे त्यामानाने कमी. तरीही पंख्याखालच्या फटींत साचलेला धुळीचा गालिचा ब्लोअरने काढावाच. ब्लोअर चालवताना पंखा बोटाने धरून ठेवावा. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावावी, मटाराच्या दाण्याएवढी पुरते. इंटेलच्या पंख्यांचे प्लॅस्टिकचे चार पाय नीट बसलेत का, हेही पाहावे. एक पाय तुटला तरी हीटसिंक तिरका बसतो.

वीजपुरवठ्याचा दोष ओळखायला सर्वांत अवघड. एसएमपीएसच्या १२ व्होल्टच्या लाइनवर ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. मशीन कामात असताना चारपिनी कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरवर मल्टिमीटर लावला की पहिला आकडा मिळतो, लाल आणि काळीवर दुसरा. आकडा मर्यादेबाहेर गेला तर दोष सिद्ध झाला. आत असला तरी एसएमपीएस निर्दोष ठरत नाही, कारण क्षणभराचे हेलकावे साध्या मल्टिमीटरला दिसत नाहीत. खात्रीचा मार्ग एकच, दुसरा चांगला एसएमपीएस जोडून दोन दिवस मशीन चालवणे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटत असेल, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून घराचे अर्थिंग तपासून घ्यावे.

मदरबोर्ड शेवटी, पण त्यासाठी नुसते डोळेही बरेच काम करतात. प्रोसेसरभोवती उभ्या असलेल्या नळकांड्यांसारख्या कपॅसिटरचा माथा सपाट असायला हवा. तो फुगला असेल, त्यावरच्या खाचा उकलल्या असतील किंवा बुडाशी तपकिरी ओघळ दिसत असेल, तर कारण सापडले. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटरची साथच जगभर पसरली होती, आणि डेल कंपनीला २००५ मध्ये त्यापायी ३० कोटी डॉलरची तजवीज करावी लागली. त्यानंतर बोर्डांवर घन प्रकारचे, जास्त टिकाऊ कपॅसिटर आले. एसएमपीएसमध्ये मात्र द्रव असलेले जुने प्रकार अजून सर्रास असतात, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. सीएमओएसची नाण्यासारखी बॅटरी संपली, तर तारीख-वेळ बिघडते. हँग होण्याशी तिचा क्वचितच संबंध असतो.

संशय दोन-तीन भागांवर रेंगाळत राहिला, तर हार्ड डिस्कची केबल काढून लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहावे. दिवसभर मशीन अडकले नाही, तर दोष डिस्कचा किंवा विंडोजचा. तरीही अडकले, तर डिस्क सुटली. एका वेळी एकच बदल करावा. रॅम, केबल आणि एसएमपीएस एकदम बदलून मशीन सुधारले, तर नेमके काय बिघडले होते ते कधीच कळत नाही.

डिस्क, रॅम, एसएमपीएस किंवा पेस्ट यांचा दोष असेल, तर जुन्या मशीनवर खर्च करणे योग्यच. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर ते पूर्वीपेक्षा चपळही होते. मदरबोर्ड गेला असेल तर मात्र हात आखडता घ्यावा. दहा वर्षांपूर्वीचे बोर्ड बहुधा वापरलेलेच मिळतात, आणि तेही त्याच वयाचे असतात. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या बहुतेक प्रोसेसरांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. असे मशीन भंगारात देण्याआधी त्यातली डिस्क काढून स्वतःजवळ ठेवावी, आणि बाकीचा सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्रातच द्यावा.