दमट हवेत घोड्याची झूल : कापड कसे पारखावे?

उन्हाळा संपत आला, आभाळ भरून येऊ लागले की आमच्या दुकानी एक वेगळेच गिऱ्हाईक येते. ते शर्टाचे कापड मागत नाही की पडद्याचे. "माशा बसणार नाहीत अशी जाळी द्या, घोड्याला झूल शिवायची आहे," एवढेच म्हणते. मुंबईच्या व्हिक्टोरिया उच्च न्यायालयाच्या २०१५ सालच्या निकालानंतर रस्त्यावरून गेल्या, पण घोडा काही संपलेला नाही. माथेरानचे घोडे आहेत, वरातीचे आहेत, समुद्रकिनाऱ्यावर गाडीला जुंपलेले आहेत, महालक्ष्मीच्या आणि पुण्याच्या शर्यतींचे तबेले आहेत. या धंद्यात आपले बांधव बरेच आहेत आणि झूल शिवणारे कारागीरही आहेत. म्हणून या मालाविषयी दोन शब्द लिहावेत असे वाटले.

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी वरातीचा घोडा ठेवणारे एक वयस्क चाचा आमच्याकडे आले. आमच्याकडे प्लास्टिकचा थर दिलेल्या जाड जाळीचा एक तागा पडून होता. माल मजबूत, फाटता फाटत नाही. आम्ही तीच दाखवली आणि "दहा वर्षे बघायला नको" असे सांगून विकली. जाळी फाटली नाही हे खरे. तीन आठवड्यांनी चाचा झूल घेऊन परत आले. घोड्याच्या दोन्ही खांद्यांवरचे केस गेले होते, मानेच्या मुळाशी जखम झाली होती आणि ऐन लग्नसराईत खोगीर चढवता येत नव्हते. हातातल्या वराती दुसऱ्याला द्याव्या लागल्या. त्यांनी पैसे मागितले नाहीत. झूल गल्ल्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "सेठ, ही पहिले तुम्ही अंगावर घेऊन बसा, मग माझ्या जनावराला द्या."

आम्ही खरोखरच ती जाळी दंडाला गुंडाळून दुपारभर दुकानात बसलो. तासाभरात हात घामाने चिंब झाला आणि कोपराच्या आत चुरचुरू लागले. आपल्याला निदान बोलता तरी येते. पैसे आम्ही परत केले, पण बुडालेल्या वरातींची भरपाई कशी करणार? मालातला ऐब गिऱ्हाइकाला सांगावा हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तर ऐब आम्हालाच ठाऊक नव्हता, कारण आम्ही विचारलेच नव्हते की झूल कोणत्या हवेत आणि कोणत्या माशीसाठी हवी आहे.

घोडा माणसासारखाच घाम गाळून अंग थंड करतो. घाम नुसता आल्याने थंडावा येत नाही, तो सुकला पाहिजे. कोरड्या हवेत तो झटपट सुकतो. कोकणपट्टीत, मुंबईत, ठाण्याकडे हवेतच इतके पाणी असते की उघड्या अंगावरचा घामही सुकत नाही. त्यावर वारा अडवणारे कापड टाकले तर आतल्या आत वाफ कोंडते, कातडी ओली राहते, मग खाज आणि फोड सुरू होतात. म्हणून दमट मुलखात कापडाचा पहिला गुण मजबुती नव्हे, वारा आरपार जाणे हा होय.

मग झूल घालायचीच कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण नुसता त्रास नाही. डांस, म्हणजे ती मोठी रक्तपिपासू माशी, एका जनावराचे रक्त पिता पिता उठून दुसऱ्यावर बसते आणि सर्रा नावाचा रोग पसरवते. त्या रोगाचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने १८८० साली डेरा इस्माईल खान येथे घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात पहिल्यांदा पाहिला. आजही सर्रा लागलेला घोडा खंगत जातो आणि इलाज न झाल्यास दगावतो. झुलीने तो धोका कमी होतो, जात नाही. पाय, तोंड उघडेच राहते. गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगावे, आणि ताप येऊन घोडा उतरू लागला तर पशुवैद्याला दाखवायलाही सांगावे.

आता खरी गोम. डांस आणि तबेल्यातली चावरी माशी दिवसाउजेडी येते, ती मोठी असते, मोकळ्या जाळीनेही अडते. चिलटे मात्र पहाटे आणि दिवेलागणीला येतात आणि ती एक ते तीन मिलिमीटरच असतात. चौरस इंचाला १५६ छिद्रांची जी नेहमीची मच्छरदाणी आपण विकतो, तिच्यातूनही लहान चिलट आत जाते. ते अडवायचे तर वीण फार बारीक हवी, आणि बारीक विणीतून वारा जात नाही. एकाच झुलीत दोन्ही गोष्टी साधत नाहीत. दोन झुली घेण्याची ऐपत सर्वांची नसते. आम्ही सांगतो, दिवसासाठी मोकळ्या जाळीची एकच झूल घ्या आणि तबेल्यात संध्याकाळी पंखा लावा. चिलट उडण्यात दुबळे असते, पंख्याच्या वाऱ्यापुढे टिकत नाही. यात आमची एक झूल कमी खपते, चालायचेच.

धाग्यात पॉलिएस्टर घ्यावे. सुती झूल हाताला छान लागते, पण सूत साधारण हवेतच आपल्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. राजस्थानच्या कोरड्या हवेत सुती चालेल, पावसाळ्यात ती दिवसभर ओलीच राहील. गिऱ्हाईक हल्ली डेनियरचा आकडा विचारते. डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढेच. थंडाव्याशी त्याचा संबंध नाही. मच्छरदाणीची ताठ एकतारी जाळी स्वस्त पडते, पण ती केस कापते. मऊ, गाठी न सुटणारी विणीव जाळी बरी.

पारख दुकानातच होते. जाळी तोंडासमोर धरून फुंकर मारावी, पलीकडे धरलेल्या हाताला ती लागली पाहिजे. तुकडा भिजवून, झटकून टांगावा आणि चहा येऊन पिऊन होईपर्यंत किती सुकतो ते पाहावे. मग कोपराच्या आतल्या बाजूला घासावा. ही शेवटची परीक्षा आम्ही महाग किमतीला शिकलो.

शिवणाऱ्या बांधवांसाठी थोडे. माप छातीच्या मध्यापासून बाजूने सरळ, मागच्या पुठ्ठ्याच्या कडेपर्यंत घ्यावे, आणि ते घोडा उभा करूनच घ्यावे. कानपूरच्या खोगीर-सामानाला भौगोलिक मानांकन आहे, तिथला निर्यातीतून उरलेला मालही कधी बाजारात येतो. तो चांगला असतो, परंतु बहुधा परदेशी घोड्यांच्या मापाचा, आणि आपल्या तट्टांवर खांद्यावरून घसरतो. घसरणारी झूलच घासते. खांद्याच्या आत गुळगुळीत सॅटिनचे अस्तर लावावे, खांद्याशी चुणी किंवा कळी सोडावी म्हणजे पाय मोकळा पडतो. पोटाखालच्या पट्ट्यात आणि अंगात एक पंजा जाईल इतकी जागा ठेवावी. त्याहून सैल ठेवला तर बसताना पाय अडकतो. शिलाई दुहेरी आणि पॉलिएस्टर दोऱ्याची, कारण सुती दोरा घामाने आधी कुजतो.

रंग फिकाच घ्यावा. गडद रंग तापतो आणि डांसालाही बोलावतो. २०१९ साली टिम कॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडात घोड्यांवर काळ्या, पांढऱ्या आणि झेब्र्यासारख्या पट्ट्यांच्या झुली घालून माशा मोजल्या. पट्ट्यांच्या झुलीवर माशा फार कमी उतरल्या, उघड्या डोक्यावर मात्र तिन्ही वेळा सारख्याच. आम्ही पांढऱ्या जाळीवर काळे पट्टे छापून घेतले. वरातीवाल्यांनी तोंडे वाकडी केली, पण तबेल्यात कोण बघतो म्हणून दोघातिघांनी नेल्या.

झूल रोज काढून खरारा करावा, कातडी बघावी. कामावरून घामाघूम आलेल्या घोड्यावर लगेच टाकू नये, अंग सुकू द्यावे. धुताना साबण पुरता निघाला पाहिजे आणि फाटलेली जागा त्याच दिवशी सांधावी, कारण माशीला बोटभर भोक पुरते. चाचा यंदाही आले होते. मापाची दोरी घरूनच गाठी मारून आणली होती, आणि जाळी आधी स्वतःच्या कोपराला घासून पाहिली.