शांत पडलेला रोगी

वालावलच्या तळ्याकडून कुडाळचा दवाखाना काही दूर नाही. पण अंगात विंचवाचे विष चढत असताना तेवढी वाटही सरत नाही. गडग्याच्या फटीतला, भाताच्या पेंढीखालचा तांबडा 'इंचू' कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या भोगला.

एके काळी त्यावर दवाखान्यात 'लायटिक कॉकटेल' टोचत. पेथिडीन, प्रोमेथाझिन आणि क्लोरप्रोमाझिन यांचे ते मिश्रण. मूळ कल्पना हेन्री लाबोरी या फ्रेंच नौदलातल्या सर्जनची. क्लोरप्रोमाझिनने माणूस पुरता झोपत नाही, पण त्याला कशाचेच काही वाटेनासे होते, हे त्यांच्या ध्यानात आले. शस्त्रक्रियेच्या औषधाचा हा मनावरचा परिणाम १९५२ मध्ये पॅरिसच्या मनोविकारतज्ज्ञांनी उपचार म्हणूनच उचलला.

विंचूदंशात मात्र हीच गोष्ट फसवी ठरे. तळमळणारा रोगी निपचित पडला की नातलगांना हायसे वाटे. आत हृदय थकत असे, फुप्फुसांत पाणी भरत असे. १९७६ पासून बिरवाडी-महाड भागात विंचूदंशाचे रोगी पाहणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी या मिश्रणाविरुद्ध इशारा दिला आणि प्राझोसिन या औषधाचा उपचार रुजवला. त्यांच्या कामातला हा इशारा प्राझोसिनइतकाच मोलाचा, असे मला वाटते.

असाच वरून शांत दिसणारा रोगी केटामाईन या भुलीच्या औषधानेही होतो. १९६२ मध्ये तयार झालेले, १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले. श्वास सहसा चालू राहतो, रक्तदाब पडत नाही, म्हणून भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी हाड बसवायला ते सोयीचे. रोग्याचे डोळे उघडे, पण तो तिथे नसतो. शुद्धीवर येताना कोणी बरळतो, कोणाला आपण शरीराबाहेर तरंगतोय असे वाटते, कोणी भेदरून हातपाय झाडतो. माहितीपत्रकातला आकडा सुमारे १२ टक्के. मुलांत कमी, मोठ्यांत अधिक. २०१३ मध्ये भारत सरकारने या औषधावर कडक निर्बंध घातले, पण ते नशेसाठी होणाऱ्या गैरवापरामुळे.

आमच्याकडे असा माणूस घरी येऊन रात्री भलतेच बोलू लागला, की गावच्या राखणदार देवचाराची आठवण होते, गाऱ्हाणे घातले जाते. मी घरच्यांना दोष देणार नाही. त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

सांगण्याने फरक पडतो, हे भूलतज्ज्ञ जाणतात. आधी दोन शब्द धीराचे, उठताना गोंगाट नको, ओळखीचा माणूस जवळ, गरज पडल्यास मिडाझोलाम हे शामक. तेही म्हाताऱ्यांत जपून, कारण त्याने काहींचा गोंधळ उलट वाढतो. डिस्चार्जच्या कागदावर टाके काढायची तारीख ठळक असते. रात्री भास झाले तर काय करायचे, ते मात्र क्वचितच.