फोर्ट चालत बघा: कमानींखालची मुंबई

मुंबईचा फोर्ट भाग कळायला पायीच फिरायला हवं. सीएसएमटीहून निघा आणि दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून हुतात्मा चौकाकडे चला. प्रत्येक इमारतीची शैली वेगळी, पण तळमजल्यावरची कमानदार वाट मात्र सलग. इंग्रजांच्या काळात तसा नियमच होता. भर पावसात छत्री न उघडता किती अंतर कापता येतं बघा!

पुढे १८६४ चं फ्लोरा फाउंटन, मग हॉर्निमन सर्कलची बाग. दुपारी तिथल्या झाडांखाली कोणी डबा खातं, कोणी डुलकी काढतं. पैसे न मोजता बसता येईल अशी जागा हेच शहराच्या मध्यवस्तीचं खरं वैभव.

२०२५ पासून मेट्रो ३ सुद्धा इथवर येते. पण कमानींखाली दुकानांचा माल आणि गाड्या दाटल्या की व्हीलचेअर अडते. रस्त्याकडेला बाकं कमी, स्वच्छतागृह शोधावं लागतं, कचेऱ्या सुटल्या की गल्ल्या ओस पडतात.

वारसा जपायचा तर दर्शनी भिंतींइतकीच ही चालायची वाटही जपायला हवी. तुमच्या शहराच्या मध्यवस्तीत आजी-आजोबांना निवांत टेकता येतं का? कमेंटमध्ये नक्की सांगा.