जुनी मोटार, नवी बैठक
हौसेला मोल नसते म्हणतात. कुशनवाल्याच्या बिलाला मात्र असते. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. अशा जुन्या गाडीची बैठक मढवायची, तर खर्चाचा अंदाज कापडापासून नव्हे, तळापासून बांधावा. आलापल्लीच्या पावसाळी दमट हवेत पत्रा गंजतो, काथ्या कुजतो. ती दुरुस्ती आधी. मग रेक्झिन, फोम, छताचे अस्तर, शिलाई आणि कारागीर चंद्रपूरला असल्यास नेण्या-आणण्याचे भाडे, अशी पाच कलमे मांडावीत. जुनी खोळ उसवल्यावाचून आतली मोडतोड कळत नाही; म्हणून शंभरातले वीस रुपये राखून ठेवावेत. उसवलेली खोळ फेकू नये. नवे कापड बेतण्यास तोच नमुना. तो गेला, तर गाडीचे मूळ रूप पैसे मोजूनही परत येत नाही.