नसरीन मोहमदींच्या चित्रांत बाई कुठे शोधायची?

मार्च २०१६मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने ‘मेट ब्रॉयर’ ही नवी शाखा उघडली. तिथल्या पहिल्याच प्रदर्शनांत एक एकल प्रदर्शन नसरीन मोहमदींचं होतं. १९३७ साली कराचीत जन्मलेल्या, मुंबईत आणि लंडनमध्ये घडलेल्या, १९७२पासून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकवणाऱ्या आणि १९९०मध्ये अलिबागजवळच्या किहीमला अखेरचा श्वास घेतलेल्या या चित्रकर्तीची शंभराहून अधिक कामं तिथे होती. त्यांच्या प्रौढ काळातल्या कामात बाईचा चेहरा नाही, देह नाही, घरसंसाराची एखादी खूणही नाही. कागदावर शाईच्या आणि पेन्सिलीच्या सरळ रेषा आहेत. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे तिरप्या होत कोऱ्या जागेत निघून गेलेल्या. बहुतेक चित्रांना शीर्षक नाही आणि तारीखही नाही. मग स्त्रीत्वाचा प्रश्न या चित्रांपुढे ठेवायचाच कशाला?

ठेवायचा, कारण तो आपण निवडून काही जणींपुढेच ठेवतो. मुंबईतल्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये नसरीन काम करू लागल्या तेव्हा वासुदेव गायतोंडे त्यांचे मार्गदर्शक होते. गायतोंड्यांच्या कॅनव्हासवर पुरुषपण कुठे दिसतं, असं कुणी विचारत नाही. तिथे प्रकाश, रंगाचे थर आणि ध्यान यांची चर्चा होते. चित्र बाईचं असलं की मात्र वळणदार आकार दिसताच त्यात शरीर दिसू लागतं. १९२३मध्ये जॉर्जिया ओकीफ यांची शंभर चित्रं न्यूयॉर्कमध्ये मांडली गेली, तेव्हा समीक्षकांनी त्यांच्या अमूर्त आकारांतून स्त्रीदेहच वाचला, आणि ते वाचन ओकीफना मुळीच रुचलं नाही. नसरीनच्या रेषा अशा वाचनाला धरायला जागाच देत नाहीत. माझ्या मते त्यांच्या कलेतली ओळख याच नकारात आहे: बाईने बाईपणाचा पुरावा न देताही अवकाश, गती आणि शिस्त हे आपले विषय मानावेत, हा हक्क त्या बजावतात.

यावर एक आक्षेप रास्त आहे. १९८०च्या दशकात नलिनी मलानी, अर्पिता सिंह, नीलिमा शेख यांनी स्त्रीचं शरीर, तिचं घर, तिची भीती हे सगळं चित्रात आणलं, आणि ते आणणं गरजेचं होतं. त्यांच्या शेजारी नसरीनचं मौन पळवाटेसारखं वाटू शकतं. पण बडोद्यात सभोवती मानवाकृती आणि कथनपर चित्रकलेचा जोर असताना, प्रचलित वाटेवर न जाता वर्षानुवर्षं रेषेशी राहणं, याला पळवाट म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: इतक्या नेमक्या, ड्राफ्टिंगच्या साधनांनी ओढलेल्या रेषेत माणूसच उरत नाही. इथे एक वस्तुस्थिती ध्यानात घ्यावी लागते. पुढच्या काळात स्नायूंवरचा ताबा हिरावून घेणाऱ्या आजाराने नसरीनना गाठलं, आणि तरीही त्यांच्या रेषा रेखीवच राहिल्या. या चित्रांचा अर्थ आजारात शोधणं चूक ठरेल. तसं केलं तर ओकीफच्या समीक्षकांचीच चूक आपण वेगळ्या वाटेने करू. पण प्रत्येक रेषेमागे एक हात आहे, त्याचा श्वास आणि त्याचं थांबणं आहे, एवढं त्या आजारामुळे नाकारता येत नाही. देह चित्राचा विषय झाला नाही, तरी तो चित्र घडवण्याच्या कष्टात पुरेपूर हजर आहे.